मागच्या डाव्या दाराची तार

ही गोष्ट माझ्या साडूची आहे आणि खरी आहे. खोटी असती तर सांगताना त्याने स्वतःला थोडं तरी शहाणं दाखवलं असतं. तेवढा मी त्याला ओळखतो.

त्या कामात त्याचा फायदा काय होता, ते आधी सांगतो.

तीन महिने.

त्याची मुलगी आठ वर्षांची. घरात तिला सगळे गोटी म्हणतात. जन्मापासून कमी ऐकू येतं. कानातली जुनी यंत्रं निकामी होत आलेली, नव्यांचा नंबर तीन महिन्यांनी. तोवर पहिल्या बाकावर बसून शिक्षकांचे ओठ वाचायचे.

आणि यंत्रं बसवणाऱ्या मॅडमच्याच गाडीचा रेडिओ बिघडला होता.

"माझी गाडी तुम्ही बघा, तुमच्या मुलीचं मी बघते," मॅडम म्हणाल्या.

साडूचा धंदाच तो. गाडीच्या रेडिओतली खरखर काढणं. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर अल्टरनेटर, गुणगुण असेल तर स्वस्तातला चार्जर. नुसतं ऐकून सांगतो. मेव्हणीला कुणी विचारलं, नवरा काय करतो, तर ती म्हणते, "नको ते आवाज बंद करतो. माझा तेवढा जमला नाही."

मंगळवार होता. दुपारचे अडीच. टायरच्या दुकानामागे त्याची पत्र्याची शेड, ऊन थेट आतल्या बाकापर्यंत आलेलं. भुताखेताची आठवण यावी अशी वेळच नव्हती.

"मध्येच कुणीतरी ठोकल्यासारखं होतं हो," चावी देताना मॅडम म्हणाल्या. "काचेवर, बोटाने. तीनदा. जुनी गाडी घेऊ नको, असं आमचे हे सांगत होते. आता रोज तेही ऐकावं लागतं."

त्या गेल्या. साडूने रेडिओ अशा जागी लावला जिथे कुठलंच स्टेशन नाही.

टक. टक. टक...

मग काहीच नाही.

पुन्हा... टक. टक. टक.

इंजिन रेस केलं. ठोक्यांना फरक नाही.

एकेक फ्यूज काढला. दिवे. वायपर. पंप. फरक नाही.

शेवटी बॅटरीच उतरवून बाकावर ठेवली. गाडीचा रेडिओ मेला.

मग त्याने आपला छोटा ट्रान्झिस्टर घेतला. तो गाडीभोवती फिरवायचा, आवाज जिथे मोठा तिथे दोष. बॉनेटपाशी काही नाही. पुढच्या दारांशी काही नाही. मागच्या डाव्या दाराशी गेला, आणि...

टक. टक. टक.

त्याने वळून बाकाकडे पाहिलं. बॅटरी तिथेच होती.

"ए, तुझं हवेचं मशीन जरा बंद कर रे," तो टायरवाल्याला ओरडला.

"सकाळपासून वीज नाहीये," पलीकडून उत्तर आलं. "तू कशावर कामं करतोयस?"

दुसऱ्या कुणी तिथेच शेड बंद केली असती. पण साडूच्या डोळ्यांपुढे तीन महिने होते.

त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं. दार आणि गाडीचा पत्रा जोडणारी अर्थिंगची तार दिसली. ती तुटली नव्हती. कुणीतरी कापली होती. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी, जपून गुंडाळलेली, आठ थर.

"सापडलं," तो म्हणाला.

इतक्या निगुतीने ती कुणी कापली आणि का, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही. कापलेली तार दिसली की कारागिराचा हात जोडायलाच जातो.

त्याने पट्टी सोलली आणि नेहमीची लबाडी केली. जोडण्याआधी खात्री म्हणून तो एक टोक डाव्या अंगठ्याखाली धरतो, दुसरं उजव्या. पाच सेकंद आपणच तार व्हायचं. बॅटरी उतरवलेली असली की धोका नसतो.

टक. टक...

तिसरा ठोका आलाच नाही.

अंगठ्यापासून खांद्यापर्यंत काहीतरी गार सरकलं. बस, एवढंच. त्याने तार जोडली, कव्हर लावलं, बॅटरी बसवली.

संध्याकाळी मॅडमनी रेडिओ लावला. स्वच्छ. त्या शब्दाच्या पक्क्या निघाल्या. शुक्रवारी गोटीच्या कानात नवी यंत्रं बसली.

"आई, तुझी चप्पल वाजते," गोटी म्हणाली आणि हसत सुटली. मेव्हणी रडत होती.

मग बाहेर थांबलेला साडू आत आला.

गोटीचं हसू थांबलं.

"बाबा... काच कोण वाजवतंय?"

त्या खोलीला खिडकीच नव्हती.

मॅडमनी यंत्रं तपासली. बदलून दुसरी लावली. सगळी ठीक होती. साडू बाहेर गेला की ठोके जात. दोन हातांवर आला की...

त्या दिवशी घरी येऊन त्याने ट्रान्झिस्टर आपल्या छातीला लावला. लगेच बंद केला.

मग जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. हातमोजे घातले. पायाला तार बांधून नळाच्या पाइपाला जोडली. मॅडमच्या हातापाया पडून त्या दाराची तार पुन्हा कापली, आठ थर पट्टी गुंडाळली. काही झालं नाही. गाडी गप्पच राहिली. जुन्या मालकाचा फोन बंद आहे.

आयुष्यभर लोकांच्या गाड्यांतले आवाज काढले त्याने. हा कुठे आहे हेही त्याला नेमकं माहीत आहे. काढता येत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडू दारात बूट काढत होता. गोटीने त्याला पाहिलं, यंत्रं काढून डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि मगच पळत जाऊन त्याला बिलगली. तो तिच्याशी बोलत होता... नुसते ओठ हलवून.

निघताना ती मला पोचवायला फाटकापर्यंत आली. यंत्रं पुन्हा कानात होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "हल्ली चारदा वाजतं."

रस्ताभर माझा एक हात माझ्याच छातीवर होता.

मॅडमना त्यांच्या रेडिओवरच्या बातम्या मिळाल्या. गोटीला चपला, पाखरं, शाळेची घंटा, सगळं तीन महिने आधी मिळालं. बापाचा आवाज तेवढा तिने शेवटचा ऐकला तो जुन्या, निकामी यंत्रातून.