सोनपंख्याचं घर

सोनपंख्या पाहुणा की इथलाच, याचा निकाल लावायचाच, असा पण करून ती दोघं नवरा-बायको दिवस उगवायच्या आत दलदलीकडं निघाली.

परिसरातल्या चतुर किड्यांची आणि त्यांच्या सुईसारख्या नाजूक भावंडांची, टाचण्यांची, नोंद त्यातल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंनी लेकरांची नावं घ्यावीत तशा मायेनं केली होती. पण सोनेरी पंखांचा तो चतुर, म्हणजे सोनपंख्या, त्यांना फक्त लांबून, उडताना दिसला होता. नोंद छापणारी मंडळी हसली. "बाई, उन्हात डोळ्यांपुढं सोनं चमकायचंच!" त्यांनी त्याच्यापुढं 'वाट चुकलेला पाहुणा' लिहिलं आणि हात झटकले. बाईंच्या मनात ते कुसळासारखं सलत होतं. पाहुण्यासाठी दलदल कोण राखणार?

नवरा शिंपी. त्यानं मच्छरदाणीचं जाळं शिवून लांब बांबूला बसवलं होतं.

"अहो, माझ्या पावलावर पाऊल टाका."

"लग्नापासून दुसरं काय केलंय?"

धुकं पाण्यावर साय धरावी तसं साचलं होतं. पाणकणसं डोक्याच्या वर गेली होती, आणि चिखल प्रत्येक पाऊल आपलंच समजून धरून ठेवत होता. शिंप्याच्या पोटरीला जळू चिकटली.

"बघ, माझं माप घेतेय!"

"गप्प! तो बघा!"

सोन्याची रेघ! वळली. खाली आली. बाईंनी जाळं फिरवलं. सापडला!

शिंप्यानं आनंदानं उडीच मारली, आणि ती वाटेबाहेर पडली. गुडघे गेले. कंबर गेली. गळ्यातला कॅमेरा बुडाला. चिखल छातीला भिडला!

हाताशी बांबू एकच, आणि त्याच्या टोकाला जाळ्यात सोनपंख्या फडफडत होता.

"आधी भिंग लाव! मी थांबतो!" शिंपी ओरडला.

"थांबता कुठं? खाली चाललात!"

बाईंनी जाळं उलटं केलं. सोनपंख्या निसटला. त्यांनी पोटावर आडवं पडून बांबू पुढं सरकवला.

"धरा! पाय झाडू नका! आडवे व्हा!"

ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं! चिखलानं मोठा उसासा टाकला आणि शिंपी सुटला.

दोघं शेजारीशेजारी पालथी पडून धापा टाकू लागली. शिंप्यानं कापऱ्या आवाजात सूर धरला,

"चतुर पाण्यावरी, सावली तळाशी,
शोधाया गेली सखी, धनी चिखली गळ्याशी!"

बाई हसल्या, आणि हसतानाच रडल्या. "गेला हो तो. जाऊ दे. तुम्ही आहात ना!"

"अगं, नाकासमोर बघ."

पाणकणसाच्या बुडाशी, पाण्यापासून वीतभर उंच, पाठ उकललेली एक तपकिरी कात चिकटली होती. तिला धरून एक नवाकोरा चतुर लोंबकळत होता. पाण्यातून चढून त्यानं नुकतंच अंग बदललं होतं. पंख ओले, चुरगळलेले.

बाईंनी भिंग लावलं. ऊन आलं. पंख हळूहळू ताठ झाले, आणि त्यांवर सोनं चढलं!

वर्षभर मान वर करून शोधलेला सोनपंख्या इथंच, चिखलाच्या कुशीत जन्मत होता.

तो उडाला. कात मागं राहिली. शिंप्यानं खिशातली सुयांची डबी काढून सुया टोपीत खोचल्या. बाईंनी कात अलगद डबीत ठेवली.

"आता म्हणू दे कुणी पाहुणा!"

"पाहुणे आपणच," शिंपी म्हणाला. "चल, यजमानांची बाकीची लेकरं उठायच्या आत निघू."

आणि दोघं पोटावरच सरपटत घराकडं निघाली. डबी बाईंनी दातांत धरली होती, त्यामुळं परतीच्या वाटेवर शिंप्याला एकही शब्द ऐकून घ्यावा लागला नाही.