हलका हमाल

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एकसष्ट वर्षांच्या एका हमालाची नोंद आली होती. त्याने सकाळपासून पन्नास किलोची चौऱ्याऐंशी पोती वाहिली होती आणि दिवसअखेर त्याचा श्रमांक भरला होता अवघा एकशे बारा. म्हणजे पोत्यामागे सव्वा-दीड. भरली घागर कडेवर घेऊन अंगणातून घरात येणाऱ्या बाईला याहून जास्त कष्ट पडतात. सोबत 'सुगम वहन' कंपनीचं अभिनंदनाचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की सांगलीच्या हळदपेठेतला आमचा सर्वांत हलका हमाल आपले वडील आहेत, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

डॉ. रेणुका बंडगरने पत्र बाजूला ठेवलं आणि नाडीचा आलेख मोठा करून पाहिला. मायाप्पा बंडगर उभा असताना नाडी अठ्ठावन्न होती आणि पाठीवर पोतं घेऊन पायऱ्या चढताना बासष्ट. स्नायूंचा कंप जवळजवळ नव्हताच. ज्या बाईने सात वर्षं लाखो माणसांच्या नाड्या पाहिल्या, तिला हे कळायला क्षणही लागला नाही. एकसष्टाव्या वर्षी माणूस पैलवान होत नसतो. त्याने औषध घेतलेलं असतं.

आता श्रमांक म्हणजे काय, ते सांगायला हवं. रेणुकाचा सगळा अभिमान त्यात होता आणि पुढचा सगळा पश्चात्तापही त्यातूनच उगवला. सात वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत कामगार उपायुक्त नसरीन मुजावर तिच्यासमोर बसल्या होत्या, तेव्हा तिने तो त्यांना थोडक्यात समजावला होता. पोतं खालून वर नेलं की पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने काम तेवढंच होतं, मग ते कोणीही नेवो. पण शरीराला पडणारे कष्ट माणसागणिक वेगळे असतात, आणि ते नाडीच्या वाढीत आणि स्नायूंच्या कंपात उमटतात. दंडावर बांधायची श्रमपट्टी या दोन्ही खुणा पकडून त्यांचा एक आकडा करते, तोच श्रमांक. सोंग करून तो वाढवता येत नाही. खोटं कण्हणाऱ्याची नाडी काही खोटं बोलत नाही.

"मॅडम, आजवर बाजाराने मालाला भाव दिला, मेहनतीला कधीच दिला नाही. कारण मेहनत मोजताच येत नव्हती," ती म्हणाली होती. "आता येते. जो जास्त राबेल त्याला जास्त."

हे बोलताना तिच्या डोळ्यांसमोर वडिलांची टोळी होती. बारा हमालांची टोळी, आणि संध्याकाळी मिळालेल्या हमालीचे बारा सारखे वाटे. तिचे अप्पा दिवसाला नव्वद पोती वाहायचे. हणमंत ऐवळे म्हणून एक जण होता, तो कंबर धरून तीस वाहायचा आणि उरलेला वेळ दाभणाने पोत्यांची तोंडं शिवत बसायचा. वाटा दोघांना सारखाच. शाळेत अव्वल येणाऱ्या रेणुकाला याचा भारी संताप यायचा. अप्पा मात्र हसून म्हणायचे, आज त्येची कंबर, उद्या माझी. तिला तो अप्पांचा भोळेपणा वाटे. शिकलेल्या मुलांना आईबापांचा शहाणपणा भोळाच वाटतो, आणि हे ध्यानात येईतो बहुधा उशीर झालेला असतो.

श्रमपट्टीची पहिली चाचणी तिने त्याच टोळीवर घेतली आणि तिचीच बोटं तोंडात गेली. अप्पांना पोत्यामागे तीन श्रमांक पडत होते, हणमंतला नऊ. ज्याला ती कामचुकार म्हणत आली, तो अप्पांइतकाच राबत होता. तीस पोत्यांत त्याचं शरीर नव्वद पोत्यांचं दुखणं सोसत होतं. त्या दिवशी तिने हणमंतच्या पायावर डोकं ठेवलं. आपलं यंत्र न्याय करणार, याबद्दल तिला मग तिळमात्र शंका उरली नाही.

कायद्याचा मसुदा तयार झाला. मजुरी पोत्यावर नाही, श्रमांकावर द्यायची. मुजावरबाईंनी त्यात नववं कलम घातलं होतं, की मालकाने कामाला घेताना टोळी अख्खी घ्यावी आणि एकेकट्याचा श्रमांक त्याला दिसू नये. रेणुकाने समितीपुढे त्या कलमाला विरोध केला. मोजमाप खरं असेल तर वर सरकारचा दंडुका कशाला, बाजार आपोआप न्याय करेल, असं तिचं म्हणणं होतं.

मुजावरबाई चिडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "तराजू खरा आहे तुमचा. पण डॉक्टर, तराजू खरा असला म्हणून गिऱ्हाईक महागडा माल उचलतं का?"

तज्ज्ञ म्हणून रेणुकाचा शब्द मोठा होता. नववं कलम गळलं.

पहिल्या महिन्यात हणमंतला अप्पांच्या बरोबरीची मजुरी मिळाली आणि तीही हक्काची, कोणाच्या मेहेरबानीची नव्हे. त्याने सगळ्या पेठेत पेढे वाटले, एक पुडा पुण्याला रेणुकाकडे पाठवला. तिसऱ्या महिन्यात त्याला कामावर बोलावणंच बंद झालं. पेठेतल्या हमालीचा ठेका असलेल्या 'सुगम वहन' कंपनीने काही बेकायदा केलं नव्हतं. एक पोतं हणमंतने नेलं तर नऊ श्रमांकांची मजुरी पडते, मायाप्पाने नेलं तर तीनची, एवढं कंपनीच्या लक्षात आलं होतं. मग जो जास्त राबतो त्याला कोण घेईल? टोळ्या मोडल्या. ज्यांना काम सोपं जातं तेच पेठेत राहिले, आणि त्यांचे श्रमांक कमी म्हणून मजुरीही कमी. पेठेतल्या पायऱ्या आणि बोळांमुळे कंपनीने पूर्वी पोती वाहणारी, पायांवर चालणारी यंत्रं मागवली होती, तीही परत पाठवली. माणूस त्यांच्यापेक्षा स्वस्त पडू लागला होता. हणमंत गावी गेला आणि दोन वर्षांत वारला. त्याच्या दिवसांना अप्पा गेले होते. रेणुकाला त्यांनी कळवलं नाही; तिला ते फार उशिरा कळलं आणि तेव्हाच ती पुन्हा मुजावरबाईंकडे गेली.

पडद्यावरचा आकडा पाहिल्यावर ती त्याच रविवारी सांगलीला गेली. अप्पा ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. तिने त्यांची चंची उचलली आणि चुन्याची डबी उघडली. आत चुना नव्हता, गुलाबी गोळ्या होत्या. रक्तदाबाच्या रोग्यांना देतात त्या. हृदयाचा वेग बांधून ठेवणाऱ्या आणि हातांची थरथर थांबवणाऱ्या.

किती दिवस, असं तिने विचारलं. दोन वर्षं, अप्पा म्हणाले. साठीकडे झुकले तसा त्यांना पोत्यामागे पाच श्रमांक पडू लागले आणि कंपनीने एक महिना घरी बसवलं. मग पेठेतल्याच कुणीतरी ही गोळी सांगितली. आता अडीचशे जण घेत होते. काही बिघडत नाही, फक्त डोळ्यांपुढे अधूनमधून अंधारी येते, असं त्यांनी हवापाण्याच्या गप्पा कराव्यात तसं सांगितलं.

रेणुकाने त्यांना विज्ञान समजावलं. पाठीवर ओझं आलं की रक्त जास्त लागतं, म्हणून हृदय धावतं. गोळीने त्याचे पाय बांधले तर मेंदूला रक्त कमी पडतं. एक दिवस पायरीवरच सगळं संपेल. तुम्ही पुण्याला चला, तुम्हांला काय कमी आहे, असंही ती म्हणाली. आणि गुरुवारी कामगार आयोगापुढे सुनावणी आहे, नववं कलम परत आणावं असा अर्ज मुजावरबाईंनी आणि मी केला आहे, तिथे मी हे सगळं सांगणार.

अप्पांनी चंची तिच्या हातून परत घेतली.

"तू सांगशील ते खरंच असंल, रेणू. पण नियम व्हायाला किती दिस लागत्याल?"

"वर्ष तरी."

"आन् तू सांगितल्यावर कंपनी रगात कवा तपासंल?"

रेणुकाने खरं ते सांगितलं. दुसऱ्याच दिवशी.

"म्हंजे अडीचशे घरं," अप्पा म्हणाले. "नियम येईल तवा पेठंत आत कोण असंल? जे भाईर पडले, त्यास्नी तुझा नियम वळखनार न्हाई. माझं सोड, मी येतो पुन्याला. पर पोरं हायेत त्यात, चाळिशीची, पोराबाळांची. मागल्या खेपंला तू बोललीस ते बी आमच्या भल्यासाठीच बोलली हुतीस."

हे ते रागाने बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. जेवायला तिच्या आवडीचं हुलग्याचं माडगं केलं होतं. तिने वाटी तशीच बाजूला सारली.

सुनावणी पेठेजवळच्या सभागृहात होती. आयोगाचे अध्यक्ष देशिंगकर हे सज्जन गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या गोष्टीत दुष्ट माणूस शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. त्यांनी अर्ज नीट वाचला होता. त्यांनी सात वर्षांचा आलेख भिंतीवर लावला.

"डॉक्टर, तुम्ही लिहिता की हमालांवर कष्टांचा भार वाढतोय," ते म्हणाले. "हे तुमच्याच यंत्राचे आकडे. सात वर्षांपूर्वी पोत्यामागे सरासरी साडेचार श्रमांक, आज दीड. वाहिलेली पोती दुप्पट. या पेठेत माणूस इतक्या आरामात कधीच राबला नव्हता. मग नियम कोणाला वाचवण्यासाठी करायचा?"

रेणुका त्या उतरत्या रेषेकडे बघत राहिली. ती आपल्या यंत्रानेच काढली आहे आणि दुसरी कुठली निघणं शक्यच नव्हतं, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. कष्ट महाग केले की कष्ट करणारा आधी बाहेर जातो. उरलेला आपले कष्ट लपवतो. दोन्हींनी रेषा खालीच येते. माणसं जितकी जास्त पिचतील तितकं यंत्र म्हणणार, सगळे सुखी आहेत. आणि यंत्र म्हणणार म्हणजे सरकारही म्हणणार, कारण कष्ट ओळखायची दुसरी कुठलीही रीत तिनेच मोडीत काढली होती. पूर्वी मुकादम नुसतं तोंडाकडे बघून म्हणायचा, जा रे हणमा, जरा शिवत बस.

कंपनीने साक्षीदार म्हणून आपला आदर्श कामगार आणला होता. मायाप्पा बंडगर इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. अध्यक्षांनी विचारलं, बाबा, या वयात एवढी पोती वाहता, थकवा येत नाही?

"न्हाई सायेब," अप्पा म्हणाले. "पोरीच्या यंत्राला इचारा."

सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं. मुजावरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी रेणुकाकडे पाहिलं. त्यांना संशय आला होता, पुरावा मात्र फक्त रेणुकाजवळ होता.

"शेवटचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "या नोंदी चुकीच्या असू शकतात का? तसं असेल तर का, ते सांगा. आम्ही तपासणीचा आदेश आजच देऊ."

तिने अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या मागे दारात पेठेतली दहा-बारा माणसं उभी होती. चाळिशीची, पोराबाळांची. ती सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगितलं तर ही माणसं उद्या घरी, आणि नाही सांगितलं तर पुढे कधीतरी एकेक जण पायरीवर. सात वर्षांपूर्वी तिला अशाच खोलीत किती सहज बोलता आलं होतं.

"नाही," रेणुका म्हणाली. "यंत्र बरोबर आहे."

मुजावरबाईंनी मान खाली घातली. अर्ज निकाली निघाला. सुगम वहनच्या अधिकाऱ्याने येऊन तिचा हात हातात घेतला आणि शास्त्रज्ञाने असंच निःपक्षपाती असावं, असं म्हटलं.

बाहेर पडताना सभागृहाच्या सहा पायऱ्या उतरायच्या होत्या. अप्पा तिसऱ्या पायरीवर थांबले, कठड्याला धरून हळूच खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. रेणुकाने धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. नाडी संथ, शांत, अठ्ठावन्न.

"काय होतंय, अप्पा?"

"कुटं काय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "वहाणंचा अंगठा निघालाय."

वहाण पायात नीट होती. रेणुका त्यांच्या शेजारी बसली आणि अंगठा बसवल्यासारखं करू लागली.