तुडुमाजवळचा दगड

"सोमवारी चर्च, बुधवारी माजी सैनिक आणि रविवारी पाळ," भूमिका बोटांवर मोजत म्हणाली.

"अन् सुट्टी कधी?" डिंपलने विचारलं.

"हीच तर सुट्टी आहे."

वीरेंद्रने कपाळावर हात मारला. भूमिकाला कुणी कामाचं विचारलं की तिच्या तोंडून 'नाही' निघत नसे आणि तिने 'हो' म्हटलं की ते तिघांचं धरलं जाई. तिघं अर्जुनी मोरगावला मिशनच्या शाळेत आठवीत होती. नाताळच्या सुट्टीत सेवेचं काहीतरी काम करा, एवढंच शाळेने सांगितलं होतं. फादरना चर्चच्या भिंतींना चुना मारून हवा होता. माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष, निवृत्त हवालदार सेवकरामजी, यांना रविवारच्या मानवंदनेसाठी हाताखाली मुलं हवी होती. आणि खुद्द त्यांच्या गावात, खैरबोडीत, भोजराजकाका पूर्वजांनी तलाव कसा बांधला हे तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवरच, नाटक करून दाखवणार होते. गाव कोहळ्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेल्या लोकांचं. तलाव आपल्याच पणजोबांनी बांधला, असं प्रत्येक घराला वाटायचं. त्यामुळे नाटकात उतरायला सगळं गाव तयार होतं, बघायला कोण उरणार हा प्रश्न होता.

सोमवारी चर्च पांढरंशुभ्र झालं आणि वीरेंद्रही. मानेवरचा चुना दोनदा आंघोळ करूनही जाईना.

"तेल लाव, बेटा," फादर हसून म्हणाले. "चुना पाण्याला भीत नाही."

बुधवारी सेवकरामजी मुलांना घेऊन पाळीखाली आले. तलावाचं पाणी शेतांकडे सोडायचं जे दार असतं, त्याला तिकडे तुडुम म्हणतात. त्या तुडुमाजवळ शहीद यादोरावांच्या नावाचा दगड उभा होता. रविवारी नाटकाच्या आधी माजी सैनिक त्याला मानवंदना देणार होते, म्हणून भोवतालचं गवत कापायचं होतं.

दगड जागेवर नव्हता. गवतात नुसता एक खड्डा होता.

सेवकरामजींनी काठीने आजूबाजूचं गवत चाचपून पाहिलं. यादोराव एकाहत्तरच्या लढाईत गेले तेव्हा त्यांचा देह गावी आला नव्हता, अंत्यसंस्कार तिकडेच झाले. मागे राहिलेल्या मनकर्णाबाईंसाठी गावाने हा दगड उभा केला. दर दिवाळीला त्या आपल्या हाताने त्याला चुना लावायच्या. त्यांच्याकडे नवऱ्याचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"तिला सांगायचं कोणी?" सेवकरामजी म्हणाले. मनकर्णाबाई भूमिकाच्या शेजारीच राहत होत्या आणि भूमिकाला रडू येऊ लागलं होतं.

भोजराजकाकांना विचारलं तर ते हातातला भोंगा खालीसुद्धा ठेवेनात. "नेला असन कोणी उचलून. पोट्टेहो, तुम्ही आपल्या टोपल्या सांभाळा, संध्याकाळी तालीम आहे."

"दगड चोरून कोण श्रीमंत होते?" वीरेंद्र पुटपुटला.

तिघांनी खड्ड्याभोवतीचं गवत न्याहाळलं. गाडीच्या चाकाची खूण कुठेच नव्हती. म्हशींच्या खुरांच्या खुणा मात्र भरपूर होत्या. खड्ड्यालगतचं गवत लांबट आकारात पिवळं पडलं होतं.

"म्हशीने अंग घासून पाडला," डिंपल म्हणाली. "बरेच दिवस इथे पडून होता. नंतर कुणीतरी उचलला."

"एवढा जड दगड हातात धरून नेणार नाही कुणी," भूमिका म्हणाली. "खांद्यावर घेईल."

संध्याकाळी तालमीला केवलराममामा आले. नाटकात ते मुख्य पूर्वज होते, म्हणून मिशीला पीळ जरा जास्तच होता. वीरेंद्रची नजर त्यांच्या दुपट्ट्यावर खिळली. उजव्या खांद्यावर पांढरा पट्टा उमटला होता. त्याने तिथे अंगठा घासून पाहिला. हा पांढरा रंग तो आता जन्मभर ओळखणार होता.

"मामा, तुम्ही चर्चमध्ये आले होते का?"

"मी? कायले?"

"मग घरी चुना मारला?"

"चुना मी तंबाखूत खातो बाप्पा, अंगाले नाई लावत. काऊन?"

"मग खांद्यावर काय वाहिलं?"

"दगड," केवलराममामा सहज म्हणाले. "काल आम्हा मोठ्यायच्या तालमीत पाळ पाझरली ना!"

मग सगळं बाहेर आलं. नाटकात एक प्रसंग असा होता की नवी पाळ पाझरते आणि पूर्वज धावून ती बुजवतात. तो प्रसंग चालू असताना तुडुमाच्या भिंतीतून खरंच पाणी येताना दिसलं. खेकड्यांनी आतून बिळं केली होती आणि भिंतीतला एक दगड निखळून कालव्यात गेला होता. झालं! नाटक तिथेच राहिलं. पाझरणारी पाळ दिसली की कोहळ्याला दुसरं काही दिसत नाही. भोजराजकाकांनी भोंगा टाकून चिखल कालवायला घेतला. केवलराममामांना अंधुक उजेडात गवतात एक छान चपटा दगड पालथा पडलेला दिसला. त्यांनी तो आणून भोकात बसवला आणि वर माती थापली. पाणी थांबलं, सगळे खुशीत घरी गेले.

केवलराममामांना आपण काय केलं ते कळलं आणि त्यांनी दोन्ही कान धरले. भोजराजकाका मात्र सावरले.

"कोणाले सांगू नोका. मनकर्णाबाईले आपण नवा दगड करून देऊ, चकचकीत."

"आजींना नवा चालेल का?" भूमिकाने विचारलं.

"तो काढला त पाणी सुटन. पाहुण्यायसमोर चिखल कराचा का? तालमीले लागा."

मुलं तालमीला लागली, पण त्यात मन कुणाचंच नव्हतं. घरी जाताना डिंपल एकदम थांबली.

"दगड काढून दुसरा बसवायला काय लागतं? माणसं, माती, टोपल्या. रविवारी नाटकात हे सगळं तुडुमाजवळच असणार आहे."

भूमिकाने टाळी वाजवली. "आणि लोकांसमोर काका आपल्याला ओरडणार नाहीत!"

सेवकरामजींनी बेत ऐकून घेतला. मिशीतल्या मिशीत हसले आणि त्याच मापाचा दुसरा दगड शोधून द्यायचं कबूल केलं. "पण अगोदर तिला खरं सांगा," ते म्हणाले. "लपवून केलेलं चांगलं कामही तिला आवडणार नाही."

शनिवारी भूमिका गेली तेव्हा मनकर्णाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. भूमिकाने खाली मान घालून सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"फुटला त नाई?"

"नाही, आजी."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडू लागल्या. पण तांदूळ सुपाबाहेर पडत होते आणि ते त्यांना दिसत नव्हते.

रविवारी पाळीखाली ही गर्दी! माजी सैनिक छातीवर पदकं लावून आले होते. दगड कुठे आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा सेवकरामजी म्हणाले, "मानवंदना नाटकानंतर." भोजराजकाकांना हायसं वाटलं. त्यांनी माईक हातात घेतला आणि तलाव बांधायला सुरुवात झाली. टोपल्या फिरल्या, माती पडली, केवलराममामांनी मिशीला पीळ दिला.

"आणि मग नवी पाळ पाझरू लागली," काका माईकवरून म्हणाले.

भूमिकाला एकच वाक्य होतं. पाणी येऊन राहिलं, धावा, असं ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. ती ओरडली, पण बाजूला झाली नाही. थेट तुडुमाच्या भिंतीपाशी गेली.

"मामा, हा दगड उलटा लागला. काढा याला!"

"हे नाटकात नाही," काका घाबरून कुजबुजले. माईक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं आणि हशा पिकला.

केवलराममामांना मुलांनी बेत आधीच सांगितला होता, ते याचीच वाट पाहत होते. त्यांनी पहार घातली. ओली माती सुटली, दगड बाहेर आला आणि त्यामागून मनगटाएवढी पाण्याची धार निघाली. त्या पाण्यात चिखल धुऊन गेला. पांढरा चुना दिसला, मग त्यावर कोरलेलं नाव. हसणारी माणसं नाव वाचायला जवळ सरकली.

डिंपलचा हात धरून मनकर्णाबाई पुढे आल्या. त्यांनी नावावरून बोटं फिरवली.

"वहिनी, वर पाळीवर चौथरा बांधू आपण," सेवकरामजी म्हणाले. "तिथं उभा करू."

मनकर्णाबाईंचं लक्ष धारेकडे होतं. "पाणी जाऊन राहिलं ना. आधी ते बंद करा."

"दुसरा दगड आणलाय, आजी," वीरेंद्र पुढे सरकला.

"तो ठेव बाजूले. त्यायचाच लावा."

वीरेंद्रने आणलेला दगड खाली ठेवला.

"धान रोवण्याच्या दिवसात रातभर पाळीवर जाऊन बसत होते ते. पाणी फुकट वाहून जाईन म्हणून," त्या सावकाश म्हणाल्या. "लढाईतून घरी त आलेच नाई. पाळीत राहू द्या. नाव फक्त बाहेर ठेवजा."

नाटक केव्हाच संपलं होतं, तरी प्रत्येक जण आपापलं काम करत होता. बायकांनी माती दिली, मुलांनी टोपल्या पुढे सरकवल्या, केवलराममामांनी डोळे पुसत दगड बसवला. नाव बाहेर आलं. सेवकरामजींनी हुकूम दिला आणि म्हाताऱ्या सैनिकांनी भिंतीसमोर ताठ उभं राहून सलाम ठोकला.

भोजराजकाकांनी पुन्हा माईक घेतला. "चूक माही होती, अन् लपवाले निघालो तेही मीच. ह्या तीन पोट्ट्यायनं गावाची लाज राखली." टाळ्या कितीतरी वेळ वाजत राहिल्या. सेवकरामजींनी तिघांचे हात हातात घेऊन कडक दाबले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं गावाला आठवत नव्हतं.

मनकर्णाबाई दगडाखाली तळहात धरून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी तो काढला आणि भूमिकाला दाखवला.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "एक थेंब नाई."