आत एक जण आहे

शीतगृहाच्या कामात शिकायचं असतं ते एकच. दाराला कडी घालण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना, ते बघायचं. आतून दार उघडत नाही, आतली मूठ बर्फानं कधीचीच जाम झालेली. बाकी खोकी रचायला काय अक्कल लागते?

पूर्वी दाराशेजारी खिळे होते. आत जाणाऱ्यानं टोपी खिळ्याला अडकवायची, बाहेर आला की डोक्यावर घालायची. टोपी लटकतेय तोवर कडीला हात लावायचा नाही. नव्या मालकाला हे गावठी वाटलं. त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, ब्राउझरला जोडून, आठवण करून देणारं एक ॲड-ऑन बसवलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी घंटा, खाली कामांची यादी. आत जाणाऱ्यानं खिडकीशी सांगायचं, कारकून बाईनं यादीत त्याचं नाव टाकायचं, बाहेर आला की टिक करायची. टिक नसली की घंटा टणटणत राहणार, आणि तिकडे घरी बसलेल्या मालकाच्या फोनवर तांबडा ठिपका उमटणार. खिळे उपटले तेव्हा मुकादमच म्हणाला होता, "बरं झालं, भिंत मोकळी झाली."

पण हमाल बाहेर आले की सांगायला विसरायचे. घंटा डोकं उठवायची, मालकाचे फोन सुरू व्हायचे. शेवटी मुकादमानंच तोड काढली. सुटीचा भोंगा वाजला की बाईनं सगळ्यांची टिक एकदम करून मोकळं व्हायचं.

"आणि कोणी आत असला तर?" बाईनं एकदा विचारलं होतं.

"भोंगा झाल्यावर कोण थांबतंय हो? पगाराला जसे पळतात तसेच घरी पळतात."

त्या दिवशीही भोंगा झाला. मुकादमानं दार लोटलं, कडी घातली, मशीन कडक थंडीवर चढवलं आणि डबा उचलायला ऑफिसात आला. घंटा वाजत होती.

"बाई, टिक राहिली वाटतं."

"केली हो सगळ्यांची. हे बघा ना, यादी कोरी..." बोलता बोलता बाई थांबली.

यादी कोरी नव्हती. एकच ओळ होती. 'आत एक जण आहे.'

"हे कोणी लिहिलं?"

"मी नाही. मी नुसती नावं टाकते. असं कशाला लिहीन?"

तिनं टिक केली. ओळीवर रेघ ओढली गेली, ओळ नाहीशी झाली. घंटा परत वाजली. ओळ होती तिथेच आली. बाईनं वैतागून ॲड-ऑनच काढून टाकलं. पिवळी घंटा कोपऱ्यातून गेली.

ऑफिसात एकदम शांत झालं. मग वास आला. ओल्या लोखंडाचा, जुन्या बर्फाचा. तो वास दाराच्या पलीकडचा. इतक्या वर्षांत तो कधी ऑफिसपर्यंत आला नव्हता. खिडकीची काच आतून धुरकट होत गेली. आणि घंटा वाजली. कोपऱ्यात काही नव्हतं, तरी वाजली. स्क्रीनवर ओळ उमटली.

'आत एक जण आहे. लवकर.'

मुकादमानं बाहेर पाहिलं. फाटकाशी एकच सायकल उभी होती. त्याच्या जावयाची. नवीनच कामाला लागलेला. लेकीनं बजावून पाठवलेला, "बाबा, हे जरा धांदरट आहेत. तुमच्या नजरेखाली ठेवा."

डबा तिथेच पडला. मुकादम धावला तसा तरुणपणीही धावला नसेल.

कडी निघाली. पांढरी वाफ अंगावर आली.

"बाई, दार धरा. काही झालं तरी सोडायचं नाही."

"तुम्ही लवकर या हो..."

"जावईबापू!" त्यानं आत हाक मारली. आवाज खोक्यांत शिरला आणि तिथेच मेला. "अहो, थट्टा बास झाली..."

मागच्या रांगेतून कोणीतरी बोलत होतं. अगदी हळू, न थांबता, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं. जावयाचा आवाज तसा नव्हता. मुकादम कोपऱ्यावरून वळला आणि बोलणं थांबलं.

खोक्यांची थप्पी कोसळली होती. जावयाचा पाय तिच्याखाली. डोळे उघडे, ओठ निळे, पण श्वास चालू. त्याच्या जाकिटावर आणखी एक कोट होता. जाड, लांब, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. तसला कोट इथं कोणाकडेच नव्हता. मुकादमानं विचार केला नाही. खोकी भिरकावली, पोराला बगलेत धरून ओढत बाहेर आणलं.

ऑफिसात हीटरपुढं जावई बऱ्याच वेळानं बोलला.

"मामा... त्यांना नाही आणलंत?"

"कोणाला?"

"माझ्याशी बोलत होते ते. डोळा लागला की गालावर चापट मारायचे. कोट त्यांनीच घातला मला. मी नको म्हणालो. तर म्हणाले, मला आता लागत नाही..."

"आत कोणी नव्हतं रे, पोरा."

"होते, मामा. हात धरून होते माझा."

बाईचं लक्ष दोघांकडे नव्हतं.

"मुकादम... जरा इकडे या."

ओळ बदलली होती.

'आता मी एकटाच आहे.'

मुकादम ते शीतगृह बांधलं तेव्हापासून तिथं होता. तिथं कधी कोणी मेलं नव्हतं. कधी कोणी हरवलं नव्हतं. रोज जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले होते. मग हा कोण, कुठला, कधीपासून?

"टिक करा, बाई."

"कशी करू?" बाईनं माऊसवरचा हात काढून घेतला. "आहे ना कोणीतरी आत."

घंटा वाजत राहिली. मुकादम उठून दारापाशी गेला. दार सताड उघडं, माल घामेजायला लागलेला. त्यानं आत बघितलं. वाफेशिवाय काही दिसलं नाही. कडीकडे हात नेला, पण तो पुढं जाईना.

"कोण आहे?" त्यानं विचारलं. "या की बाहेर... उघडं आहे दार."

दार हलायला लागलं. आतून कोणीतरी ते ओढून घेत होतं. सावकाश, आवाज न करता, बाहेरच्याला जड जाऊ नये म्हणून आपणच लावून घ्यावं तसं. दार चौकटीत नीट बसलं.

कडी तेवढी बाहेरून घालायची राहिली.