हळवा कंप

मास्तरांनी नवी रेकॉर्ड घेतली त्याला सतरा दिवस झाले होते, आणि तिचं कौतुक ज्याला ऐकावं लागलं नाही असा माणूस आता गल्लीत शोधूनही सापडला नसता. सगळ्यांची ऐकण्याची ताकद संपल्यावर मास्तर ती काखोटीला मारून बाईंच्या ऑफिसात आले.

बाईंचं ऑफिस म्हणजे घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिल्यावर त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली होती. मास्तर निवृत्त भूगोल शिक्षक. बाईंच्या तपासात त्यांचा उपयोग काय, हे विचारायचा धीर अजून कोणाला झाला नव्हता.

“वजन बघा हिचं,” मास्तर म्हणाले. “साध्या रेकॉर्डच्या दीडपट. मूळ ध्वनिफितीवरून थेट उतरवलेली. किंमत चौपट आहे, पण आवाज ऐकाल तर थक्क व्हाल.”

“वजन करून घेतलीत. म्हणजे भोपळ्यासारखीच की.”

“चेष्टा करा. पण या गायिकेच्या लांब सुरात एक बारीक कंप आहे ना, तो मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या आवाजात ऐकला नाही. बघा, कव्हरवरसुद्धा लिहिलंय, ‘सुरातला हळवा कंप’.”

तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली. मास्तरांच्या हातातलं कव्हर बघून त्यांचा चेहरा उतरला.

“ती माझी आई,” त्या म्हणाल्या. “आणि त्या रेकॉर्डपायीच आमचं घर फुटलंय.”

घरी त्यांना सगळे ताई म्हणत. वडील, म्हणजे नाना, स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. त्यांनीच बायकोची चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, फार खपली नाही. दोन वर्षांनी ताईंची आई गेली. ती असतानाच स्टुडिओ बंद पडायला आला होता, तेव्हा मूळ फितीचा पत्र्याचा डबा नानांना देऊन टाकण्यात आला, आणि नानांनी तो घरच्या कपाटावर ठेवला. आई गेल्यावर तो पुन्हा कधी उघडला नाही.

“का?” मास्तरांनी विचारलं.

“धीर झाला नाही. ही नवी रेकॉर्ड आली तेव्हा मी नानांना कव्हर वाचून दाखवलं. ‘मूळ फितीवरून’ म्हटल्याबरोबर त्यांनी डबा उतरवायला लावला. डबा रिकामा.” ताईंनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली. “गेल्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा माझा धाकटा भाऊ दोन दिवस घरात एकटा होता. नाना म्हणाले, त्यानेच विकली. त्याला दार बंद केलं. सोमवारी नानांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. वय सत्याऐंशी. आणि मला बजावलंय, धाकट्याला कळवायचं नाही. तो आला तर टेबलावर जाणार नाही म्हणाले.”

“आज गुरुवार,” बाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

*

नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. नजर जवळजवळ गेलेली, पण जिन्यावरची पावलं ऐकूनच त्यांनी सांगितलं, “तिघं आहात. एकाचा उजवा गुडघा दुखतो.” मास्तरांनी गुडघा चोळला.

“तुम्ही नवी रेकॉर्ड ऐकलीत?” बाईंनी विचारलं.

“चोरीचा माल मी ऐकत नाही. ती घरात आणायची नाही, असं ताईला सांगून ठेवलंय.”

“मग घरची ऐकवाल?”

ताईंनी निळ्या कडेच्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतून घरची जुनी रेकॉर्ड काढली.

“पिशवी नवी दिसते,” बाई म्हणाल्या.

“दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड धुवायला दिली होती मी. खूप धूळ बसली होती. आठ दिवसांनी आली ती या पिशवीत.”

रेकॉर्ड फिरू लागली. खरखरीतून एका तरुण बाईचा आवाज वर आला. मास्तरांनी डोळे मिटले. लांब सूर लागला आणि तो कंप आला तसे ते हेलावले. डोळे उघडले तेव्हा सुईचा दांडा प्रत्येक फेऱ्याला किंचित आत, किंचित बाहेर झुलताना दिसला.

“दांडा हलतोय,” ते म्हणाले.

“हलणारच,” नाना म्हणाले. “कारखान्यात रेकॉर्डी छापायला घेण्याआधी नमुन्याच्या दोन-तीन काढायचे. त्यातली ही. हिचं मधलं भोक केसभर सरकलंय. मॅनेजर टाकून देत होता, बायको म्हणाली, माझी पहिली रेकॉर्ड आहे, असू दे. म्हणून आणली. पुढच्या सगळ्या रेकॉर्डी नीट निघाल्या.”

मास्तरांनी आदराने मान डोलावली. त्यांच्या डोक्यात या क्षणी फक्त एवढंच होतं की नमुन्याची रेकॉर्ड किती दुर्मीळ असेल.

“फितीबद्दल सांगा,” बाई म्हणाल्या.

नानांचा आवाज जरा मोकळा झाला. “नवी फीत महाग. आम्ही तीच तीच पुसून वापरायचो. पुसायची नाही ती एकच, पसंत झालेली. तिच्या सुरुवातीला लाल पट्टी जोडायची. लाल दिसली की शिपायापासून साहेबापर्यंत कोणी हात लावायचा नाही. घरात बायकोलासुद्धा हे पाठ. स्टुडिओतली यंत्रं मी दुरुस्तीला घरी आणायचो, फितीही इकडेतिकडे पडलेल्या असायच्या. हिचा हात लाल फितीला कधी चुकून लागला नाही.”

“तुमच्या मिसेस यंत्र चालवायच्या?”

“माझ्यापेक्षा हलक्या हाताने.” नाना खिडकीकडे वळले. “संध्याकाळी मी यायच्या आत सगळं होतं तसं लावून ठेवायची. मला वाटायचं, मला कळत नाही असं तिला वाटतं. छान दिवस होते ते.”

आतल्या खोलीत ताईंचा शिवणाचा क्लास चाले. मशीनशेजारच्या फळीवर आईच्या वस्तू मांडलेल्या होत्या: कंगवा, गाण्याची वही, आणि बिस्किटांच्या डब्यात एक फितीचं रीळ. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘धाकटा बोलला’. रिळातून बोटभर लाल टोक बाहेर आलं होतं. ताईंनी त्यावर शिवणाची रंगीत फीत बांधली असावी, असं मास्तरांना वाटलं.

“आईचं अक्षर,” ताई म्हणाल्या. “धाकट्याचं लहानपणीचं बोलणं आहे म्हणे. वाजवायला यंत्र कुठे राहिलंय आता? नानांना दाखवून काय उपयोग, त्यांना दिसत नाही.”

*

धाकटा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत होता. पन्नाशी उलटलेला, अबोल माणूस. त्याने एक काच पूर्ण घासून पुसली आणि मगच वर पाहिलं.

“मी डबा उचलला होता,” तो म्हणाला. “कपाट सरकवायला. उघडला नाही.”

“जड होता?” बाईंनी विचारलं.

“हलका. मला वाटलं फिती हलक्याच असतील.”

“हे नानांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही.” त्याने दुसरी काच उचलली. “मला बोलायला वेळ लागतो. लहानपणी चार वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो. सगळ्यांनी आशा सोडलेली. आईने नाही.” मग बऱ्याच वेळाने म्हणाला, “ऑपरेशन सोमवारी आहे ना? घराखालच्या औषधवाल्याकडून कळलं. मी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर थांबलो तर चालेल का?”

बाईंनी त्याचा फोन नंबर लिहून घेतला. परतताना मास्तर म्हणाले, “माणूस काहीतरी लपवतोय. एवढं कमी कोण बोलतं?”

“तुमच्या मानाने सगळेच, मास्तर.”

*

नवी रेकॉर्ड ज्याने काढली होती त्याचं दुकान देखणं होतं. लाकडी फळ्या, मऊ उजेड. दाराशी एक छोटी पाटी होती: जुन्या रेकॉर्ड धुऊन मिळतील. मास्तरांना दुकानदाराने खुर्ची दिली. चांगलं गिऱ्हाईक होतं ते.

“महाग रेकॉर्डची किंमत खरंच वसूल होते का?” बाईंनी सरळ विचारलं.

“ऐका आणि ठरवा.” दुकानदाराने नवी रेकॉर्ड लावली. जाडजूड, आरशासारखी. सुईचा दांडा खिळल्यासारखा स्थिर होता. आवाज आला, लांब सूर लागला, आणि मास्तरांनी बाईंच्या कानाशी कुजबुज केली, “हा बघा, हा कंप.”

“टकटक नाही, खरखर नाही,” दुकानदार म्हणाला. “मूळ फितीचा हाच फायदा.”

“फीत कोणाकडून मिळाली?”

“ते मला सांगता येत नाही. शब्द दिलाय.”

“या गायिकेच्या घरची, तिच्या नवऱ्याकडची, म्हणजे नानांकडची रेकॉर्ड तुम्ही पाहिली आहे?”

“छे, कधीच नाही.” त्याने रेकॉर्ड उचलून प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली. पिशवीची कड निळी होती.

बाई हसल्या. “शनिवारी सकाळी नानांकडे या. ही घेऊन. नाही आलात तर मी येईन, आणि येताना तुमची गिऱ्हाइकंही बरोबर आणीन.”

*

शनिवारी नानांच्या खोलीत सगळे जमले. एक्स्चेंजच्या जुन्या मेकॅनिककडून बाईंनी फितीचं यंत्र आणलं होतं. ते जिन्यावरून वर नेताना मास्तरांचा गुडघा धारातीर्थी पडला. धाकट्याला बाईंनी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसवलं होतं. नानांना ते माहीत नव्हतं. खोकल्यावरून ओळखतील, म्हणून तो तोंडावर रुमाल धरून बसला.

“नाना, ही चोरीची रेकॉर्ड मी वाजवणार आहे,” बाई म्हणाल्या. “एकदाच ऐका.”

नानांनी तोंड फिरवलं, पण कान कुठे फिरवणार? पहिला लांब सूर लागला आणि त्यांचे हात खुर्चीवर घट्ट झाले.

“हे काय? हिचा सूर हलतोय.”

“कव्हरवर त्याला हळवा कंप म्हटलंय. मास्तरही तेच म्हणतात.”

“हळवा कंप कसला? ही चार फेऱ्यांएवढा सूर धरायची, आणि तो फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ.”

“मास्तर, दांडा बघा. हलतोय?”

मास्तरांनी वाकून पाहिलं. “नाही. ढिम्म आहे.”

“घरच्या रेकॉर्डवर का हलत होता?”

“भोक सरकलंय म्हणून.” मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. एकोणीस दिवसांचं कौतुक एका क्षणात त्यांच्या अंगावर आलं.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “भोक सरकलं की रेकॉर्ड डुलत फिरते, दांडा डुलतो, आणि सूर प्रत्येक फेऱ्याला जरासा वरखाली होतो. या नव्या रेकॉर्डचं भोक बरोबर मध्ये आहे. तरी सूर डुलतोय. म्हणजे तो डुलण्यासकट कुठूनतरी उतरवून घेतलाय. खरखर यंत्राने पुसता आली, डुलणं पुसता आलं नाही. फितीला भोक नसतं, ती डुलत नाही. बाजारातल्या बाकी रेकॉर्डी सरळ होत्या. डुलणारी ही एक, या घरातली. आणि ही घराबाहेर गेली ती एकदाच, धुवायला, आठ दिवस. निळ्या कडेची पिशवी कोणाच्या दुकानात मिळते, ते तुम्ही सांगता की मी सांगू?”

दुकानदाराने मान खाली घातली. “आवाज विलक्षण होता,” तो म्हणाला. “फीत मिळाली नाही. पण फितीचं नाव घातल्याशिवाय ही किंमत कोणी देत नाही.”

“जड रेकॉर्डला माझं काही म्हणणं नाही,” नाना सावकाश म्हणाले. “चांगली छापलीय. मुळात चांगलं असेल तर ती राखते. इथे तिने आमचं भोक राखलं. कव्हरवर खरं लिहा, आणि ज्यांनी घेतली त्यांना कळवा.”

“कळवतो.”

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. “मीच दिली होती धुवायला. आणि बोल लागला धाकट्याला.”

“तुम्ही स्वच्छ करायला दिलीत, त्यात तुमची चूक नाही,” बाई म्हणाल्या. “चूक झाली ती नानांची. आयुष्यभर कानांवर विश्वास ठेवलेल्या माणसाने या एका वेळी कव्हरवर लिहिलेल्यावर ठेवला. नाना, रेकॉर्ड ऐकली असती तर एका मिनिटात पकडली असतीत.”

नाना खुर्चीत पुढे सरकले. “पण डबा रिकामा होता. मग माझी फीत कुठे आहे?”

“डबा गेल्या वर्षीच हलका होता. त्याच्या कितीतरी आधी रिकामा झाला होता.” बाईंनी बिस्किटांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. “यातल्या रिळाला लाल पट्टी आहे. तुम्हाला दिसली नसती, आणि ताईंना तिचा अर्थ माहीत नव्हता. डब्यावर तुमच्या मिसेसनी लिहिलंय, ‘धाकटा बोलला’.”

“तिने पुसली?” नानांनी डबा चाचपला. “लाल पट्टीची?”

“तुम्हीच म्हणालात, चुकून तिचा हात लागायचा नाही. म्हणजे चुकून नाही लागला. यंत्र घरी होतं, कोरी फीत नव्हती, आणि चार वर्षं न बोललेला मुलगा बोलायला लागला होता. पुन्हा बोलेल की नाही कोणाला ठाऊक. तिने हाताशी होतं ते लावलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं असेल. फार दिवस मिळाले नाहीत तिला.”

यंत्र सुरू झालं. आधी नुसता श्वास. मग एका बाईचा घाईघाईचा, हसू दाबलेला आवाज: “काय म्हणालास? परत म्हण बरं.”

बराच वेळ काही नाही. मग एक जाडसर बालआवाज: “नाना कधी येणार?”

“अजून एकदा, राजा.”

“नाना कधी येणार?”

मूल तेच म्हणत राहिलं, सहा वेळा, सात वेळा, आणि त्याची आई दर वेळी हसली. मग खट्कन आवाज झाला, आणि पहिल्या गाण्याचा अर्धा राहिलेला भाग मधूनच सुरू झाला. लांब सूर आला. मास्तर कंपाची वाट बघत होते. सूर जराही हलला नाही. इतका सरळ आवाज त्यांनी चौपट किमतीत कधी ऐकला नव्हता, आणि त्यांना कारण नसताना आपली आई आठवली.

नाना रडत होते आणि ते लपवत नव्हते. फीत संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग बाहेर रुमालाआडून कोणीतरी खोकलं.

“किती वेळ बसलाय तो तिथे?” नानांनी विचारलं.

“तासभर,” बाई म्हणाल्या.

“आत ये रे.”

धाकटा आला आणि खुर्चीपुढे उभा राहिला. नानांनी चाचपडून त्याचं मनगट धरलं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “सोमवारी सात वाजता न्यायचंय मला. तू बरोबर येशील?”

धाकट्याने मान हलवली.

“मला दिसत नाही,” नाना म्हणाले. “बोल.”

“येतो, नाना,” धाकटा म्हणाला.