चाकामागचा दगड

घाटाच्या तिसऱ्या वळणावर ट्रक थांबला आणि हळूहळू मागे सरकू लागला. दुष्काळी कामावरच्या बाया पाट्या टाकून बाजूला पळाल्या. चांगुणाच्या हातात फोडायला घेतलेला काळा दगड होता. ती पळाली नाही. वाकली, दगड मागच्या चाकाखाली सरकवला आणि मगच बाजूला झाली. चाक दगडाला टेकलं... थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरला. गावातल्या राहीबाईचा, फौजेत ट्रक चालवणारा मुलगा, गहिनीनाथ. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता आणि नेहमीचा ड्रायव्हर तापानं पडल्यामुळे आजच खडीच्या ट्रकवर बसला होता.

"दगड कुनी लावला?"

"गाडी कुनी चढवली?" चांगुणानं विचारलं.

बाया हसल्या. त्यानं कान खाजवला. "मीच. पन ही गाडी लई म्हातारी हाय. हिला दगडवाली लागंल मागं."

तो नुसता बोलला नाही. संध्याकाळी चांगुणाच्या वडिलांना, आबांना, रीतसर विचारून आला. दगड फोडण्यापेक्षा दगड घेऊन चालणं बरं, म्हणून आबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ट्रक पुढे आणि चांगुणा मागे, कमरेवर तोच काळा दगड. हॉर्न दोनदा वाजला की थांबतोय, दगड लाव. एकदा वाजला की काढ. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात तिला फक्त त्याचे डोळे दिसायचे. त्यांत रस्ता असायला हवा होता... नेहमी असायचा असं नाही.

एकदा हॉर्न तीनदा वाजला.

"तीनदा कशाला?" ती पुढे जाऊन म्हणाली.

"उगीच."

"फौजेत असाच उगीच वाजवत्यात व्हय?"

"तिथं कुनासाठी वाजवू? मागं दगड घेऊन केरळचा हवालदार असतो. ह्या एवढ्या मिशा."

तिनं पदर तोंडाला लावला.

वर खडी उतरेपर्यंत तो सरहद्दीवरच्या खिंडीबद्दल सांगायचा. रस्ता असाच, खडीचा, उभा. एका अंगाला डोंगर.

"आन् दुसऱ्या अंगाला?"

"काहीच न्हाई."

"काहीच न्हाई म्हंजे?"

"म्हंजे... आभाळ. तेबी खाली." खिंडीच्या माथ्यावर दगडांचा एक ढीग होता. सुखरूप पोचलेला प्रत्येक ड्रायव्हर त्यावर एक दगड ठेवतो, असं त्यानं सांगितलं. थंडीत बर्फ पडून ती वाट बंद होते. म्हणून तर सुट्टी. मग आवाज न बदलता म्हणाला, "मागल्या साली आमचा एक गडी वळनावरून खाली गेला. लग्नाला चार महिनं झालं हुतं."

त्या दिवसानंतर तीन हॉर्न पुन्हा वाजले नाहीत.

सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. चौथ्या वळणावर, दगड लावून झाल्यावर ती खिडकीशी आली. "काष्टीचं पाव्हणं येनार हायेत. मला बघायला."

"कवा?"

"ज्येष्ठात."

त्यानं स्टिअरिंगवरची धूळ पुसली. पुन्हा पुसली. "काष्टीला घाट न्हाई. सगळा सपाट मुलूख."

"मग बरंच की," ती म्हणाली. "दगड लावायला नको."

ती वाट बघत राहिली... त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली.

जायच्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला काळा दगड त्याच्या हातात दिला. "त्या ढिगावर ठेवा. तेवढीच मी तिथवर आले म्हनायची."

"गाडीत लोक हसतील. फौजी घरनं दगड घेऊन चाललाय."

"हसू द्या."

फाल्गुन गेला, चैत्र गेला. नेहमीचा ड्रायव्हर बरा होऊन आला होता. हॉर्न वाजला की चांगुणा आरशात बघायची आणि लगेच नजर काढून घ्यायची.

ज्येष्ठ लागला आणि राहीबाई गहिनीनाथचं पत्र घेऊन थेट कामावर आली. बायांत सातवी शिकलेली चांगुणा एकटीच. गावातली सगळी पत्रं तीच वाचायची. ते त्यालाही ठाऊक होतं.

"मोठ्यानं वाच गं," राहीबाई म्हणाली. बाया हातोडे ठेवून जवळ सरकल्या.

चांगुणानं वाचलं: "आई, खिंड उघडली. मी खुशाल आहे. पहिल्या फेरीला दगड ढिगावर ठेवला. गाडीत येऊन बसलो, पण गाडी सुरू करवेना. परत उतरलो आणि उचलून आणला. आता तो माझ्या सीटखाली असतो. प्रत्येक वळणावर चाकामागे तोच लावतो..."

"कसला दगड गं?"

चांगुणानं पुढची ओळ मनातच वाचली. पलीकडे खडी फोडणाऱ्या आबांचा हातोडा थांबला.

"वाच की पुढं."

"...जिचा दगड आहे, तिला विचार. म्हणावं, इथं आभाळ खाली आहे, हे मी लपवलेलं नाही. सपाट मुलूख सोडून घाट चालेल का?"

कोणी हसलं नाही. राहीबाईनं पोरीकडे बघितलं, मग आबांकडे. आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं. "काष्टीकरांना सांगावा धाडतो, येऊ नका म्हनून," एवढंच म्हणाले.

"आन् ह्याला काय लिव्हायचं?" राहीबाईनं विचारलं.

चांगुणानं पत्राची घडी घातली. "लिव्हते मी... खिंड बंद झाली की या म्हनावं."

कार्तिकातल्या थंडीला अजून पाच महिने होते. घाटावरच्या बाया पावसासाठी आभाळाकडे बघत होत्या. चांगुणाही बघत होती. पण ती वाट बघत होती ती कधीच न पाहिलेल्या एका डोंगरावर बर्फ पडायची.