फुटक्या फरश्यांचा सोपा

"पाणी मिळंल का वो, बादलीभर?"

धुरपदानं शेणानं भरलेले हात तसेच वर धरून मागं पाहिलं. दारात एक उंच गडी उभा… खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, आणि कपाळापासून पायापर्यंत करडी धूळ! रस्त्याच्या कडेला त्याचा ट्रक भसाभसा वाफा सोडत होता.

"माणसाला का ट्रकला?" तिनं विचारलं.

"आधी ट्रकला. माणसाचं काय… उरलं तर!"

नळदुर्गात हमरस्त्याला लागून घर म्हटलं की पाणी मागणारे रोजचेच. पण मागता मागता असं हसणारा हा पहिलाच! हात धुऊन बादली देताना तिची बांगडी कडीत अडकली. त्यानं ती हळूच सोडवली, आणि दोघंही उगाचच ट्रककडं बघायला लागली.

ट्रकात शहाबादी फरश्या उभ्या रचलेल्या होत्या. काहींचे कोपरे उडालेले, काही मधोमध तडकलेल्या.

"ह्या फुटक्यांचं काय करता?"

"सोलापूरचा व्यापारी घेत न्हाय. वढ्यात टाकतो."

"मग आमच्या दारात टाका की!"

त्यानं डोळे बारीक केले. "आन् बसवणार कोण?"

"म्या."

"तुमी?"

"का? शेण लावणाऱ्या हातांना फरशी जड व्हती व्हय?"

गडी खो खो हसला. पण जाताना सहा तुकडे दारात उतरवून गेला. उत्तरेश्वर त्याचं नाव, गाव तेर. धुरपदाचे वडील ज्ञानोबा चौकशी केल्याशिवाय थोडेच सोडतात! तेरला त्यांची चुलत बहीण दिली होती आणि हा निघाला तिच्याच भावकीतला. मग काय, चहा झालाच.

पुढं दर तिसऱ्या दिवशी दोनदा हॉर्न वाजायला लागला. दोनदाच. पहिल्यांदा वाजला की धुरपदाचा जीव वरखाली व्हायचा आणि दुसऱ्यांदा वाजेपर्यंत ती दारात असायची.

गावातले गवंडी सगळे सोलापूरला कामाला गेलेले. "पोरी, हे बायकांचं काम न्हवं," असं ज्ञानोबा दोन दिवस म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच चुना घेऊन आले. बापलेकीनं सोपा, म्हणजे घराची पुढची बसायची खोली, वीतभर उकरली, मुरूम टाकला, धुमसानं ठोकून ठोकून बसवला. वर चुन्या-वाळूचा गारा. त्यावर धुरपदा एकेक तुकडा ठेवून बघायची, फिरवायची, परत उचलायची. गोधडीला ठिगळं जोडावीत तसा एकेक कोपरा जुळायचा. जमीन सपाट आहे का बघायला ती परातीत पाणी भरून फरशीवर ठेवायची. ही तिचीच युक्ती! उत्तरेश्वरानं ती पाहिली तेव्हा बघतच राहिला.

"दोन फरश्यांत बोटभर जागा सोडा," तो शेजारी उकिडवा बसून सांगायचा.

"चिकटून बसवल्या तर?"

"उन्हाळ्यात एकमेकींला ढकलत्यात. थोडं अंतर लागतंच."

"मग तुमी का एवढं जवळ बसलाय?"

बिचारा! कानापर्यंत लाल होऊन असा मागं सरला की गाऱ्याच्या घमेल्यातच बसला. त्या दिवशी धुरपदा झोपेपर्यंत हसत होती.

आणि नेमकं अशात धाराशिवचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून. पाव्हणे गुरुवारी बघायला येणार, पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडायची. ज्ञानोबांना आभाळ ठेंगणं झालं. धुरपदा मात्र हातातला तुकडा नुसताच फिरवत बसली.

सोमवारी हॉर्न वाजला. शेवटचे तुकडे उतरवताना तिनं सांगून टाकलं, "गुरुवारी मला बघायला येणार हायत. धाराशिवचा कारकून हाय, कचेरीतला."

उत्तरेश्वराच्या हातातली फरशी तशीच राहिली. "कचेरीतला…?"

"व्हय."

"चांगलं हाय की…"

"चांगलं हाय?" ती ताडकन उठली. "एवढंच म्हणायचंय तुमाला?"

तो चहा न पिताच ट्रकात जाऊन बसला. धुरपदा रागानं रडली. लई रडली. तो तिला आवडत होता, जीवापाड आवडत होता, आणि गाढवाला एक शब्द बोलता येत नव्हता!

सोपा मंगळवारी पुरा झाला. काळसर, निळसर, हिरवट तुकड्यांचा तो सोपा बघायला अर्धी गल्ली आली.

गुरुवारी धुरपदा न्हाऊन आली तर काय! आत्या, द्वारकाबाई, कमरेला पदर खोचून नव्या फरशीवर हिरवंगार शेण सारवत होती.

"आत्या! हे काय?"

"मंग? शुभकार्याला पाव्हणं नुसत्या दगडावर बसवायचं? सारवल्याबिगर जागा शुद्ध व्हती व्हय गं?"

धुरपदानं उंबऱ्याआत पाय ठेवला आणि पाय सर्रकन पुढं! चौकट धरली म्हणून वाचली. माती पाणी पिऊन घेते, दगड कुठं पितो? शेण वरच राहिलेलं, बुळबुळीत. तिनं सांगायला तोंड उघडलं… आणि हळूच मिटून घेतलं.

दहाच्या यष्टीनं पाव्हणे आले. पुढं मुलाचे मामा लिंबाजीराव, डोक्याला मोठा फेटा, मिशीला पीळ. "वा! शहाबादी!" म्हणत त्यांनी रुबाबात पाऊल टाकलं आणि दुसऱ्याच क्षणी मामा बसले… बसले कसले, थेट भिंतीपर्यंत घसरत गेले! वाटेत आत्याच्या हातातलं सुशिल्याचं, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांचं, ताट उडालं. मुरमुरे फेट्यावर, मिरच्या मिशीवर. नवरा मुलगा तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होता.

"अपशकुन!" मामा गरजले. "उंबऱ्यातच आपटणाऱ्या घरात सोयरीक करायची न्हाय!" लागलं काहीच नव्हतं, पण मान लई दुखावला होता. पाव्हणे आल्या पावली परत गेले.

ज्ञानोबा डोकं धरून बसले. आत्या हुंदके देत म्हणाली, "माज्या हातानं पोरीचं वाटोळं झालं रं, ज्ञानोबा!"

धुरपदाला ते बघवेना. पाव्हण्यांचं काही वाटलं नव्हतं, पण आत्याचं रडणं काळजाला लागलं.

"आत्या, रडू नका. माझा पाय सकाळीच घसरला हुता. मला ठावं हुतं. म्या मुद्दाम बोलले न्हाय."

"का?" ज्ञानोबांनी मान वर केली.

ती उत्तर देणार तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दोनदा नाही, एकदाच, लांबलचक! उत्तरेश्वर धापा टाकत दारात आला. अंगावर धुतलेला शर्ट, चेहरा पांढराफटक.

"सुपारी… फुटली?"

"न्हाय," धुरपदा म्हणाली. "म्या मोडलं. तुमच्यापायी. आता तरी बोला काहीतरी!"

आत्यासुद्धा रडायची थांबली. उत्तरेश्वरानं रुमाल काढून हातात धरला.

"आबा, गुन्हा माझाबी हाय. त्या फरश्या… आपोआप फुटत नव्हत्या. पहिल्या सहा सोडल्या तर. पुढं म्या रस्त्यातला एकबी खड्डा चुकवला न्हाय. मुद्दाम घालायचो गाडी."

"आन् मालकाचं नुकसान?"

"सगळं पगारातनं भरून दिलंय."

"पण कशापायी, लेका?"

"फुटकी फरशी नसली तर… हिच्या दारात थांबायचं कोणत्या तोंडानं?"

धुरपदाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. एवढा मोठा सोपा! पहिले सहा सोडले तर त्यातला एकेक तुकडा ह्यानं तिच्यासाठी फोडला होता.

ज्ञानोबा उठले. लेकीकडं पाहिलं, त्या पोराकडं पाहिलं. मिशीत काहीतरी हललं.

"आई-वडील हायत ना तेरला?"

"हायत."

"मंग रविवारी घिऊन या त्यांना. ट्रकातनंच आणा." दोन पावलं आत जाऊन ते परत वळले. "आन् येताना खड्डं चुकवा, जावईबापू. म्हातारी माणसं असत्याल गाडीत!"